मीटरबाईंचे नाक

ताप उतरून चार दिवस झाले होते. मीटरबाई गॅससमोर उभ्या होत्या, गॅसवर दुधाचे पातेले होते, आणि समोरच्या गच्चीवर वाळत असलेली निळी चादर नेमकी कुणाची, याचा त्या विचार करत होत्या. बाहेरच्या खोलीतले शिवणाचे मशीन थांबले. त्यांचे यजमान शिंपी. गळ्यात टेप तसाच ठेवून ते स्वयंपाकघरात धावत आले.

"अगं, दूध लागलंय!"

"कुठे?"

"कुठे काय कुठे? तुझ्या नाकाखाली!"

पातेल्याच्या बुडाशी काळा थर धरला होता. बाईंनी ते उचलून तोंडाशी नेले आणि दीर्घ श्वास घेतला. गरम हवा आत गेली, एवढेच. मग त्यांनी कांदा चिरला, साबणाची वडी हुंगली, व्हिनेगरचे झाकण उघडले. यजमानांनी मशीनच्या तेलाची बाटली त्यांच्यासमोर धरली.

"सांग बघू, काय आहे?"

"बाटली आहे. दिसतंय मला."

"डोळे मिटून सांग."

बाईंनी डोळे मिटले, दोनदा खोल हवा ओढली आणि मान हलवली. यजमानांनी बाटली बाजूला ठेवली. "येईल परत," ते म्हणाले. "तापानंतर होतं असं. माझी चव गेली होती की मागे."

"तुमची चव लग्नाआधीपासूनच गेलेली आहे," बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर जेवण बेचव लागले असते, इतकेच. बाईंची गोष्ट वेगळी होती. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात त्या बावीस वर्षे नोकरीला होत्या, आणि त्यांना मीटरबाई हे नाव पडले होते ते नाकामुळेच.

गाळण्यांच्या मोठ्या हॉलच्या मागे एक खोली आहे. बारा फूट रुंद, अठरा फूट लांब, उंचावर जाळीच्या खिडक्या, दार बाहेर उघडणारे. केंद्रात तिला मिठाची खोली म्हणतात. भिंतीला लागून लाकडी फळ्यांवर मिठाची पोती रचलेली असतात. पलीकडे मीठ विरघळवायची टाकी, तिच्याशेजारी विजेचे कपाट, आणि मधोमध, छातीच्या उंचीवर, पाण्याच्या बाटलीसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन आडव्या नळ्या. प्रत्येक नळीत धातूचे पातळ पत्रे एकमेकांना न टेकता उभे असतात. वीज सुरू केली की पत्र्यांमधल्या खाऱ्या पाण्यात दुधट बुडबुडे उठतात आणि नळी धुके भरल्यासारखी दिसू लागते. तिच्या दुसऱ्या टोकातून जे बाहेर पडते ते शहराच्या पिण्याच्या पाण्यात टाकायचे औषध.

पूर्वी केंद्रात क्लोरीन वायूचे सिलिंडर येत. ते गळले तर अर्धी वस्ती रिकामी करावी लागली असती. म्हणून ते बंद करून मिठाचे यंत्र बसवले गेले. बाई तेव्हा झाडलोटीच्या कामावर होत्या. यंत्र बसवायला आलेल्या माणसांच्या पायात पायात त्या आठ दिवस झाडू घेऊन वावरल्या, आणि ती माणसे निघून गेल्यावर यंत्र पहिल्यांदा बंद पडले तेव्हा कोणता कॉक आधी फिरवायचा हे केंद्रात फक्त त्यांना माहीत होते. पुढे परीक्षा देऊन त्या ऑपरेटर झाल्या.

एकदा एका सोसायटीच्या चार बायका पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार घेऊन आल्या. साहेब जागेवर नव्हते. बाईंनी त्यांना सरळ मिठाच्या खोलीत नेले. तो किस्सा केंद्रात अजून सांगतात.

"हे काय, मीठच आहे की," एक जण पोत्यात हात घालून म्हणाली. "आणि आम्हाला क्लोरीन सांगता?"

"मिठात काय असतं असं वाटलं तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "सोडियम आणि क्लोरीन. मीठ पाण्यात विरघळलं की दोघं सुटे होतात. सुटे होतात पण निघून जात नाहीत, पाण्यातच हिंडतात. मग आपण वीज सोडतो. या अधिकच्या पत्र्याकडे क्लोरीनवाले ओढले जातात, अंगावरची जास्तीची वीज त्याला देतात आणि त्यांचा वायू होतो."

"आणि त्या उण्या पत्र्यावर सोडियम जमतं?" चौघींतली एक शाळेत विज्ञान शिकवायची, तिने विचारले.

"नाही जमत. सगळे तसंच समजतात, मीही समजायचे. सोडियमचा धातू व्हायच्या आधी तिथलं पाणीच फुटतं. त्याचा हायड्रोजन बुडबुड्यांनी वर जातो, छतातल्या नळीतून बाहेर. मागे काय राहतं? सोडियम आणि पाण्याचं उरलेलं. म्हणजे कॉस्टिक सोडा. मोठ्या कारखान्यात दोन पत्र्यांच्या मधे पडदा असतो. तिथे क्लोरीन वेगळा काढतात, कॉस्टिक वेगळं काढतात आणि दोन्ही विकतात. आपल्याकडे पडदा नाही. क्लोरीन आणि कॉस्टिक तिथल्या तिथे एकमेकांत मिसळतात आणि त्याचं हे तयार होतं. तुमच्या घरी पांढऱ्या कपड्यांना घालता ना, ते द्रावण. त्याचाच पातळ भाऊ."

"म्हणजे आम्ही ब्लीच पितो?"

"हजार लिटर पाण्यात जेमतेम पाव लिटर पडतं. आणि ते नाही पडलं तर काय काय प्याल, त्याची यादी देऊ का?"

बायकांनी यादी मागितली नाही.

औषधाची ताकद रोज सकाळी तपासावी लागते. एका छोट्या काचेच्या भांड्यात ठरलेले माप घ्यायचे, त्यात एक पूड आणि थोडे आम्ल घालायचे, की ते चहाच्या रंगाचे होते. मग दुसऱ्या बाटलीतले द्रावण थेंब थेंब सोडायचे आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. सोळा थेंबांना रंग गेला की औषध बरोबर, लिटरला आठ ग्रॅम. बाईंनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक सवय लावून घेतली. भांडे हातात घेण्याआधी त्या दारात उभ्या राहत, एकदा वास घेत आणि खोलीतल्या फळ्यावर खडूने आकडा लिहीत. फळ्यावर दोन रकाने होते: नाक आणि थेंब. नाकाने पंधरा सांगितले की थेंब पंधरा किंवा सोळा निघत. फार तर दोनाचा फरक. फिटर हा नळजोडणी आणि दुरुस्तीचा माणूस, बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, तोंडाळ आणि कामाला वाघ. तो या आकड्यावर रोज चहाची पैज लावायचा आणि आठवड्यातून पाच वेळा हरायचा. "बाईंच्या तोंडावर मीटर बसवलाय," असे तोच पहिल्यांदा म्हणाला. नाव पडले ते पडलेच. पगारपत्रक सोडले तर बाईंचे खरे नाव केंद्रात कुठेच उरले नाही.

तापानंतर बाई कामावर रुजू झाल्या त्या सकाळी फिटर दारात उभाच होता.

"या मीटरबाई! तुमच्या रजेत मी एकही चहा हरलो नाही. सांगा, किती?"

बाई म्हणाल्या, "आधी पोती मोज जा, दोन ओली दिसतायत." तो गेला. बाईंनी घाईघाईने माप घेतले, थेंब सोडले, भांडे विसळून उपडे ठेवले आणि फळ्यावर नाकाच्या रकान्यात सोळा लिहिले. फिटर आल्यावर त्याच्यासमोर पुन्हा सगळे केले. सोळा निघाले. तो चहा आणायला गेला.

असे अडीच महिने चालले. बाई पाऊण तास आधी येऊ लागल्या. दिवसातून एकदा करायची तपासणी त्या दर अर्ध्या तासाने करू लागल्या, कुणाचे लक्ष नसताना. बुडबुडे किती बारीक आहेत, नळी हाताला किती गरम लागते, उण्या पत्र्यावर पांढरी साय किती धरली, हे त्या पूर्वी ओझरते बघत. आता पत्रा पत्रा निरखून बघत. वास्तविक त्या खोलीत जो वायू पेट घेऊ शकतो, तो हायड्रोजन, त्याला वास नसतोच. त्यासाठी पंखा आणि छतातली नळी यांच्यावर भरवसा ठेवावा लागतो, नाक असो वा नसो. बाई स्वतःला हे रोज सांगत. पण क्लोरीनला वास असतो, आणि तो गळला तर खोलीतल्या माणसाला सर्वांत आधी कळायला हवे, हेही त्यांना माहीत होते. खोली सोडून त्यांना जायचे नव्हते. निवृत्तीला तीन वर्षे होती. वास गेल्याचे कळले तर तक्रार-खिडकीवर बसवतील, काचेमागे, शिक्का घेऊन.

"बसवू देत की," यजमान म्हणाले. "खुर्ची मिळेल."

"तुम्हाला उद्या सांगितलं, मशीन सोडा आणि दुकानाच्या दारात बसून गिऱ्हाइकांना टोकन वाटा, तर?"

यजमानांनी सुईत दोरा ओवला. "पण खोलीत गॅस झाला आणि तुला कळलंच नाही तर?" ते बाईंकडे न बघता म्हणाले. "ते सांग."

बाई ताटे घ्यायला उठल्या.

मग नोटीस लागली. सोमवारी वार्षिक वैद्यकीय तपासणी. मिठाच्या खोलीतल्या कर्मचाऱ्यांची डोळे, छाती आणि घ्राणशक्ती. डॉक्टर तीन बाटल्या हुंगायला देणार. यजमानांनी सुचवले की कोणत्या बाटलीचे बूच कोणत्या रंगाचे असते हे आधी कुणाकडून तरी काढून घेता येईल. बाई म्हणाल्या, "आयुष्यभर कपडे कापलेत, आता माझं नाक कापायला निघालात?" पण रात्री त्यांनी त्या सूचनेवर विचार केला. शुक्रवारी सकाळी कामावर निघताना त्या अजूनही विचारच करत होत्या.

त्या शुक्रवारी दोनपैकी एक नळी नुकतीच धुतलेली होती. पाण्यात चुना असतो. उण्या पत्र्याजवळ कॉस्टिक तयार होत असल्यामुळे तो चुना तिथेच पांढरा होऊन बसतो, आणि दर दोन महिन्यांनी नळीत पातळ आम्ल फिरवून तो काढावा लागतो. हे काम फिटरचे. आम्लाचा टब नळीपेक्षा उंच स्टुलावर ठेवायचा, रबरी पाइपाने नळीच्या खालच्या कॉकला जोडायचा, फेस थांबेपर्यंत आम्ल फिरवायचे, मग कॉक बंद करायचा, पाइप काढायचा आणि साध्या पाण्याने तीनदा धुवायचे. गुरुवारी संध्याकाळी त्याने हे सगळे केले होते. फक्त पाइप काढला नव्हता. दुसरी नळी शुक्रवारी दुपारी धुवायची होती. टब, स्टूल, पाइप पुन्हा लावायचेच तर काढायचे कशाला, असा हिशेब त्याने केला. कॉक बंद होता.

बाईंनी आल्या आल्या यंत्र सुरू केले, तासाभराने भांडे घेतले, एकट्याने थेंब सोडले. सात, आठ, नऊ. दहाव्या थेंबाला रंग गेला.

त्यांनी पुन्हा केले. दहाच.

विजेच्या कपाटावरचे काटे नेहमीच्या जागी होते. मिठाचे पाणी बरोबर. नळीत बुडबुडे. बाईंना सकाळपासून खोकला येत होता, पण तापाची ढास अजून गेलेली नव्हती, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिले नव्हते. तेवढ्यात फिटर दारात आला आणि जागीच थबकला.

"बाबो! काय कडक माल काढलाय आज! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नळी धुतली की असं असतं बघा. कुणी धुतली? अस्मादिकांनी." त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "आज मीच सांगतो आकडा. वीस! चहा तयार ठेवा. तुमचं नाक काय म्हणतंय?"

खडू बाईंच्या हातात होता.

खोलीत क्लोरीनचा उग्र वास आहे, हे त्यांना आता दुसऱ्याच्या तोंडून कळले होते. वासावरून चालायचे तर अठरा, एकोणीस लिहायला हवे. ते लिहिले असते तर फिटर खूश झाला असता आणि तपासणी त्याच्या देखत केव्हातरी नंतर, आकडा सुधारल्यावर करता आली असती. दहा लिहिले तर नाक गेल्याची जाहिरातच. इतका वास सुटलेला असताना दहा म्हणणारा माणूस एक तर वेडा किंवा नाक गेलेला.

पण थेंब खोटे बोलत नव्हते. मग वास जास्त आणि ताकद कमी, हे एकत्र कसे?

बाईंनी खिशातली, आम्ल ओळखायची रंगपट्टी काढून टाकीच्या नमुन्यात बुडवली. या औषधात पट्टीचा रंग क्षणभरच दिसतो, मग ती धुतल्यासारखी पांढरी पडते. त्या क्षणात काय ते बघून घ्यायचे. रोज ती निळसर हिरवी होते. आज पिवळी झाली आणि पांढरी पडली.

आम्ल. औषधात कुठून तरी आम्ल जात होते. आम्ल मिळाले की जो क्लोरीन पाण्यात कॉस्टिकबरोबर बांधला जायचा तो सुटतो, वायू होऊन हवेत जातो. म्हणून वास. म्हणून ताकद नाही. आणि तो हवेपेक्षा जड, म्हणजे आधी जमिनीलगत भरत येणार.

त्यांनी फळ्यावर नाकाच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. थेंबांच्या रकान्यात दहा लिहिले.

"दहा?" फिटर हसला. "नाक गेलंय का काय तुमचं?"

"हो, गेलंय," बाई म्हणाल्या. "अडीच महिने झाले. आणि आता एक शब्द न बोलता बाहेर हो."

"काय म्हणता—"

"बाहेर!"

त्यांनी मुख्य बटण पाडले, पंखा तसाच चालू ठेवला आणि फिटरला दंडाला धरून दारातून काढले. वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला, गाळणी-हॉलच्या पायऱ्यांवर त्याला उभे केले. तोवर तोही खोकायला लागला होता. दाराबाहेरच्या लाल पेटीत वायूपासून वाचवणारे दोन मुखवटे असतात. बाईंनी एक त्याच्या हातात दिला, एक स्वतः चढवला.

"मी आत जाते. तू दारात उभा राहायचं आणि माझ्यावर नजर ठेवायची. मी खाली बसले तर ओढून काढ. मला कळणार नाही, तुला कळेल. समजलं?"

"बाई, मी जातो ना—"

"तुझं नाक चालतंय. तू दारात हवास."

आत त्यांना शोधायला लागले नाही. स्टूल, स्टुलावर टब, टबातून लोंबणारा पाइप, खाली कॉक. कॉकची मूठ बंदच होती. टबातले आम्ल मात्र काल सोडले होते त्याच्या निम्म्यावर आले होते. बाईंनी टब दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला. नळीपेक्षा खाली आल्यावर आम्ल चढणार कुठून? मग पाइपाला चाप लावला आणि त्या बाहेर आल्या. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नसतील.

कॉक नंतर उघडून पाहिला तेव्हा आतली रबरी चकती आम्लाने खाऊन कडेला फाटलेली निघाली. मूठ बंद आणि कॉक उघडा, असा प्रकार. पाइप काढून टाकायचा नियम त्यासाठीच होता. फिटरला तो पाठ होता. फक्त का, ते त्याने कधी विचारले नव्हते.

शहराला जाणारे पाणी सुखरूप होते. औषधाच्या टाक्या दोन असतात, एकीत तयार होते तेव्हा दुसरीतले वापरतात, आणि सकाळपासून वापरात होती ती आदल्या दिवशीची, सोळा थेंबांची. बिघडलेल्या टाकीचा कॉक बाईंनी कुणी सांगायच्या आत बंद केला होता. केंद्राच्या इंजिनिअर मॅडमनी दुपारी आल्यावर हे आधी विचारले, आणि उत्तर ऐकून मगच खुर्चीत बसल्या. मॅडम तिशीच्या, मोजके बोलणाऱ्या. बाई आणि फिटर टेबलासमोर उभे होते.

"माझी चूक आहे," फिटर म्हणाला. "पाइप मी ठेवला."

"हो, तुमचीच आहे. लेखी द्या. वीस थेंब म्हणालात ना तुम्ही?"

"वास होता तसा."

"वास क्लोरीन पळून चाललाय त्याचा होता. पातेलं उतू जात असताना दूध वाढलं म्हणण्यासारखं आहे ते. आणि त्या नळीत हायड्रोजन असतो. हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र भरपूर साठले तर काय होतं माहीत आहे? उन्हाची तिरीप पुरते, ठिणगीही लागत नाही. जा, लिहून आणा."

तो गेला. मॅडम बाईंकडे वळल्या. "बसा."

बाई बसल्या नाहीत. "सोमवारच्या आधी मीच सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "अडीच महिने मला वास येत नाही. फळ्यावरचे आकडे मी चोरून थेंब मोजून लिहीत होते."

"माहीत आहे."

बाई आता बसल्या.

"माहीत म्हणजे, संशय होता," मॅडम म्हणाल्या. "फळ्याचे आकडे मी रोज उतरवून घेते. तुमचं नाक आधी तीन दिवसांतून एकदा तरी एका-दोन थेंबांनी चुकायचं. तापानंतर एकदाही चुकलं नाही. बाई, नाक इतकं बरोबर नसतं. मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलता त्याची. तेवढं माझं चुकलं. वाट बघायला नको होती. आज तुम्ही खोलीत एकट्या असतात तर?"

बाईंनी मान खाली घातली. यजमानांचाच प्रश्न होता तो.

"मग खिडकीवर कधीपासून बसू?" त्यांनी विचारले.

"कुठल्या खिडकीवर?"

"तक्रारीच्या."

मॅडमनी कपाटाची किल्ली काढली. खालच्या कप्प्यात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे, एक पुठ्ठ्याचे खोके होते. त्याच्यावरची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती. "गॅसचा भोंगा. क्लोरीनचा. माझ्या आधीच्या साहेबांनी मागवला चार वर्षांपूर्वी. बसवला का नाही म्हणून मी फाइल काढून बघितली. त्यावर काय शेरा आहे सांगू? 'सध्या आवश्यकता नाही, ऑपरेटरची घ्राणशक्ती उत्तम.'"

बाईंनी खोक्याकडे बघितले. मग त्यांना हसू फुटले आणि हसता हसता खोकला आला. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"नियमात वास यायलाच पाहिजे असं नाही," मॅडम म्हणाल्या. "गळती कळली पाहिजे असं आहे, नाकाने किंवा यंत्राने. हे आजच बसवायचं, जमिनीपासून फूटभर वर. डॉक्टरला सोमवारी खरं सांगायचं. आणि खोलीत एकटं राहायचं नाही, एक दिवससुद्धा. या तीन गोष्टी मान्य असतील तर ती खोली तुमची. आज तिथे नाकवाला माणूस काय करत होता, ते आपण पाहिलं."

बाईंनी ग्लासातले पाणी संपवले. "फूटभर वर ठीक, पण पोत्यांकडच्या भिंतीला नको," त्या म्हणाल्या. "भोंगा झाकला जाईल. दाराच्या डाव्या बाजूला लावू, तिथे भिंत मोकळी आहे."

घरी पोचल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "सांगून टाकलं." यजमानांनी मशीनची पायपट्टी थांबवली, चष्म्याच्या वरून बघितले आणि विचारले, "मग? खुर्ची?"

"खुर्ची नाही."

"बरं झालं. घरी येऊन खुर्चीच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या असत्या." ते पुन्हा शिवायला लागले. पण सरळ शिवण त्या संध्याकाळी दोनदा वाकडी गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती उसवली. त्या रात्री बाई नऊ वाजता झोपल्या आणि सकाळी गजर वाजेपर्यंत उठल्या नाहीत. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

सोमवारी डॉक्टरांनी तीन बाटल्या दिल्या. बाई म्हणाल्या, "पाणी, पाणी, पाणी." डॉक्टर म्हणाले, परत येईल कदाचित, काहींचा वर्षाने येतो, काहींचा नाही येत. रोज चार ओळखीचे वास मुद्दाम घेत राहा. बाई आता रोज सकाळी साबण, कांदा, व्हिनेगर आणि मशीनचे तेल हुंगतात. यजमान समोर बाटल्या धरतात. एकदा त्यांना साबणाला रबराचा वास आला. डॉक्टर म्हणाले, चुकीचा का होईना, आला हे चांगले. यजमानांनी त्या दिवसापासून तो साबण बदलला आहे.

भोंगा दाराच्या डाव्या बाजूला बसला. फिटरला लेखी ताकीद मिळाली. दर आठवड्याला सगळ्या कॉकच्या रबरी चकत्या काढून बघायचे कामही मिळाले. पाइप तो आता काढतो, आणि काढून थेट बाहेरच्या खुंटीवर टांगतो, कुणी विचारले नाही तरी दाखवतो.

फळा तसाच आहे. नाकाचा रकाना पुसावा असे मॅडम म्हणाल्या होत्या, बाईंनी नको म्हटले. तो आता फिटरकडे आहे. सकाळी आठला बाई दारात येतात, भोंग्याचा हिरवा दिवा बघतात, छतातल्या पंख्याचा आवाज ऐकतात आणि मग मोठ्याने विचारतात, "कसा आहे रे वास?" अडीच महिने हाच प्रश्न त्यांच्या ओठांवर होता आणि तो विचारायची सोय नव्हती.

फिटर डोळे मिटतो, मान वर करून हवा ओढतो, ज्योतिषासारखा थोडा वेळ घेतो. "चौदा," तो लिहितो.

बाई थेंब सोडतात. तो वाकून बघत असतो. चौदाव्या थेंबाला भांड्यातला रंग अजून फिका चहा आहे.

"एक मिनिट, ढवळा नीट—"

"ढवळलंय."

पंधरा. सोळा. भांडे स्वच्छ.

"चहात साखर कमी सांग," बाई म्हणतात, आणि थेंबांच्या रकान्यात आकडा लिहितात.